वाटेला किल्ली नसते

शेजारच्या मधूकाकांनी त्यांच्या गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली, पण सोडली नाही. "गोडीनं फिरव," ते म्हणाले, "जुनी आहे." गाडी जुनी की किल्ली, हे विचारायला मला वेळ नव्हता. सकाळचे साडेसहा वाजले होते. मी किल्ली त्यांच्या बोटांतून काढून घेतली आणि माझ्या जुडग्यात अडकवली.

त्या जुडग्याबद्दल आधी सांगायला हवं. त्यात माझ्या घराची किल्ली होती, संघटनेच्या कार्यालयाची, कार्यालयातल्या कपाटाची, वस्तीतल्या वाचनालयाची, एका बंद पडलेल्या पाळणाघराची आणि आणखी काही, ज्यांची कुलपं मला आता आठवतही नाहीत. ज्या कुलपाची जबाबदारी कुणालाच नको असते, त्याची किल्ली फिरत फिरत कार्यकर्त्याकडे येते. मला त्या ओझ्याचा थोडा अभिमान होता. खिशात टाकला की ड्रेस एका बाजूला ओढला जायचा.

मी मावळात चालले होते ते धर्माआबांना आणायला. लोणावळ्याजवळच्या औंढ्याच्या वर, डोंगराच्या कुशीत त्यांची ठाकर आदिवासींची वाडी आहे. बावीस घरं. वाडीतून खाली भातखाचरांकडे आणि झऱ्याकडे जाणारी एक पायवाट आहे, आबांच्या आजाच्याही आधीची. दोन वर्षांपूर्वी तिच्या मध्यावर बंगल्यांचा एक प्रकल्प आला, वाटेवर लोखंडी गेट आलं आणि गेटला कुलूप लागलं. आबांनी तहसील कार्यालयात वाट मोकळी करण्याचा अर्ज केला. अर्जदार ते एकटेच. पहिल्या तारखेला खाली गावात येईपर्यंत एसटी निघून गेली होती, दुसऱ्या तारखेला एसटी आलीच नाही. आज तिसरी तारीख होती. दुपारी तीन वाजता, वडगावला. आज अर्जदार हजर नसला तर अर्ज निकाली, असं नोटिशीत स्पष्ट लिहिलं होतं. अर्ज गेला की दिवाळीच्या तोंडावर कापलेलं भात आणायचं कसं? डोक्यावर भारे घेऊन वरच्या निसरड्या धारेवरून? गेल्या वर्षी आबांची सून हिरा त्याच धारेवरून पडली आणि सहा आठवडे हात गळ्यात बांधून होती. हे सगळं मी पत्रकात लिहिलं होतं, ठळक अक्षरांत. आता फक्त एका म्हाताऱ्या माणसाला वेळेत वडगावला पोचवायचं होतं. तेवढंच.

जुन्या हायवेला लागले. तळेगाव गेलं. वडगाव आलं तेव्हा कार्यालयाच्या बंद दाराबाहेर एक कुत्रं झोपलेलं दिसलं. तीन वाजता इथेच यायचं आहे, असं मी त्या कुत्र्याला मनातल्या मनात बजावलं. वडगाव मागे पडलं आणि धुकं सुरू झालं.

पत्रकात धुकं येत नाही. पत्रकात सगळं स्वच्छ दिसतं: हा आपला, हा त्यांचा, ही मागणी. इथे मात्र पुढचा ट्रक दिसत नव्हता, फक्त त्याचे दोन लाल दिवे हवेत तरंगत चालले होते. मधेच धुकं फाटायचं आणि फटीतून भातखाचरं दिसायची, पोटरीला आलेली, लोंब्या फुटायच्या बेतातली, इतकी हिरवी की डोळ्यांना गार वाटावं. बांधांवर पिवळी सोनकी फुललेली. खाचरात एक बाई वाकलेली होती, ती उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं आणि परत धुक्यात मिटून गेली. ती होती की नव्हती, हे मी आजही छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

कामशेतला चहासाठी थांबले. गाडी बंद केली, किल्ली ओढली. आली नाही. पुन्हा ओढली. सगळा जुडगा खुळखुळला, किल्ली जागची हलली नाही. मी एक पाय डॅशबोर्डखाली रोवला आणि दोन्ही हातांनी ओढली. चहावाला हे पाहत होता. "मॅडम, दात आहे का तो?" त्याने विचारलं. मग त्यानेच शेजारच्या गॅरेजकडे हात केला.

गॅरेज म्हणजे एक पत्रा आणि त्याखाली सलीमभाई. पन्नाशीचे, दाढीला मेंदी, कानावर पेन्सिल. माझ्या गाडीच्या खिडकीतून आत पाहिलं आणि किल्लीला हात न लावता ते जुडग्याकडेच पाहत राहिले.

"ओढली?"

"ओढणारच ना."

"मग नाही येणार." त्यांनी दार उघडलं. "ताई, गाडीला किल्ली लावलीय, का किल्लीला गाडी टांगलीय?"

"त्या माझ्या जबाबदाऱ्या आहेत," मी म्हणाले.

"असतील. पण त्यांचं वजन हे बिचारं कुलूप उचलतंय ना. लोंबून लोंबून आतून घासलंय." त्यांनी एका हाताने जुडगा तोलून धरला आणि दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी किल्ली धरली. "बघा. बाहेर नाही ओढायची. आधी आत दाबायची. जरा अजून. आता मागं फिरवायची." किल्ली अलगद बाहेर आली, साजूक तुपातून बोट काढावं तशी. मग कानावरची पेन्सिल काढून त्यांनी किल्लीच्या दात्यांवर दोन्ही बाजूंनी घासली. "तेल घालू नका कधी. तेलाला धूळ चिकटते. हे शिसं पुरतं. आणि हा लवाजमा काढा. नाहीतर एक दिवस किल्ली फिरायचीच नाही. स्टेअरिंग लॉकही यातच आहे, किल्ली काढली की आतून पिन सरकते आणि चाक बांधलं जातं."

"बघते," मी म्हणाले. बघते म्हणजे नाही, हे त्यांनाही कळलं. फोननंबर देताना म्हणाले, "फिरली नाही तर जोर लावू नका, मला फोन करा. तुटलेली किल्ली काढायला कुलूप फोडावं लागतं."

मला लोकांनी जोर लावू नका म्हटलं की आतून काहीतरी चढतं. जोर लावू नका, घाई करू नका, थोडं समजून घ्या. आयुष्यभर ऐकत आले. मी जुडगा तसाच ठेवला आणि निघाले. पण भीती बसली ती बसलीच. गाडी आता बंदच करायची नाही, असं ठरवून टाकलं.

त्या ठरावामुळे पुढचं सगळं घडलं. औंढ्याकडे वळायची डावीकडची पाटी धुक्यात कधी गेली ते कळलं नाही, आणि भानावर आले तेव्हा मी लोणावळ्याच्या बाजारात होते. आठवड्यातला मधला दिवस. पर्यटक नव्हते. रांगेने चिक्कीची दुकानं, प्रत्येकात पिवळा दिवा, आणि रस्त्याच्या मधोमध ढग चालत होता. एक माणूस छत्री मिटून ढगातून आला आणि दुसऱ्या ढगात गेला. गुळाच्या पाकाचा वास सगळीकडे भरून होता. मी चार वर्षं या गावाविरुद्ध लिहीत आले आहे: कचरा, बंगले, धबधब्याखालचे भोंगे. पण त्या सकाळी ते गाव कुणाचंच नव्हतं. झोपेत असलेल्या माणसावर रागावता येत नाही, तसं झालं.

हिराच्या लेकीसाठी चिक्की घ्यावी म्हणून मी एका दुकानासमोर थांबले. इंजिन चालूच.

"मॅडम, गाडी बंद करा. धूर आत येतोय," दुकानदार म्हणाला.

"बंद केली तर चालू होणार नाही."

"मग चालू केलीच कशी?"

मी पैसे पुढे केले. त्याने नाकाला रुमाल लावून तीळ-गुळाची पाकिटं बांधून दिली, आणि औंढ्याचा रस्ता विचारला तेव्हा सगळ्या लोणावळ्याला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितला, बहुतेक मी लवकर जावं म्हणून.

औंढ्यापासून वर मातीचा रस्ता आहे. धुकं विरळ होत गेलं आणि डोंगराच्या पोटावर तो प्रकल्प दिसला. पांढऱ्या भिंती, अर्धवट बांधलेले बंगले आणि एक भला मोठा फलक: ढगांच्या सोबतीला राहा. ढग कधीपासून यांच्या सातबाऱ्यावर चढले, हे मी काचेतून मोठ्याने विचारलं. तिथून पायवाट वर जाते. वाटेवर गेट होतं, हिरव्या रंगाचं, आणि मधोमध मुठीएवढं कुलूप. गेटच्या दोन्ही बाजूंना वाट होती. पावलांनी झिजलेली, मधून जराशी खोलगट. गेटखालून ती तशीच पलीकडे गेली होती. म्हणजे वाट अडली नव्हतीच, माणसं अडली होती.

वाडी त्याच्या वर. गाडीचा रस्ता लांब वळसा घालून तिथे पोचतो, खाचरांकडे आणि झऱ्याकडे तो जातच नाही. रस्ता संपतो तिथे उतार आहे. मी गाडी नाक खाली करून उभी केली, चाक वळवून कडेच्या एका दगडाला घट्ट टेकवलं, कारण हँडब्रेकवर माझा विश्वास नव्हता. बंद करावी लागणारच होती. आत दाबली, मागे फिरवली. किल्ली निघाली. सलीमभाईंचा विजय असो.

धर्माआबा अंगणात तयार होऊन बसले होते. पांढरं धोतर, पांढरी टोपी, नवी नसलेली पण घडीची. मला पाहून उठले नाहीत, त्यांचा उजवा गुडघा धरतो. "ताई, येळंवर आलात. आता आदी जेवा. मंग जाऊ."

"आबा, उशीर नको."

"सूर्व्य कुटं पळतोय? आन् आज तर तो आलाच न्हाई."

हिराने ताट वाढलं. तांदळाची भाकरी, करटुल्याची भाजी आणि मुठ्यांचं (भातखाचरातले लहान खेकडे) कालवण. कालवण तिखटजाळ, नाकातून पाणी येईपर्यंत जेवायचं आणि मग अंगणात गार वाऱ्याला बसायचं. समोरचा डोंगर दिसायचा, जायचा. खालून एक्स्प्रेसवेचा आवाज येत होता, पण इतक्या उंचीवर तो नदीसारखा वाटत होता. बावीस घरांपैकी बरीचशी माणसं कामाला गेलेली, दारं ओढलेली. एकाही दाराला कुलूप नव्हतं. कोयंड्यात नुसती काटकी खोचलेली. मी हिराला विचारलं, तर ती म्हणाली, "काटकी दिसली की कळतं घरात कुनी न्हाई. मंग मानूस परत जातं. कुलूप लावलं की वाटतं आत कायतरी हाय."

मी वहीत हे लिहून घेतलं. मला पत्रकासाठी हवं होतं.

साडेबाराला निघालो. आबा पुढच्या सीटवर बसले, काठी पायांमध्ये उभी. मी किल्ली लावली आणि फिरवली.

फिरली नाही.

स्टेअरिंगही हलेना. इकडे नाही, तिकडे नाही. किल्ली आत जात होती, बाहेर येत होती, पण फिरायचं म्हणून नाव नाही. मी आत दाबून पाहिलं, ओढून पाहिलं, पेन्सिल मागवून घेतली आणि शाळकरी मुलाची अख्खी पेन्सिल दात्यांवर संपवली. मग जोर लावला. किल्लीच्या मानेला जरासा पीळ पडला. मी हात काढून घेतला.

फोनला रेंज आणायला वाडीत एका खडकावर चढावं लागतं. सलीमभाई म्हणाले, "येतो. पण हातात इंजिन उघडं आहे, ताई. अडीचच्या आधी नाही पोचणार." अडीचला ते आले तरी तीनला आम्ही वडगावला नव्हतो. चालत खाली जायचं तर आबांच्या गुडघ्याला दीड तास, आणि पुढे एसटीचा भरवसा नाही. मी खडकावरून उतरले. पायाखाली सोनकी चुरगळली जात होती आणि सगळीकडे ते शांत, दुधाळ, जगाशी काही देणंघेणं नसलेलं धुकं. मला त्या धुक्याचा राग आला. दोन वर्षं अर्ज, पत्रकं, सह्या, अंगठे, आणि शेवटी एका बोटभर लोखंडापायी सगळं संपणार.

परत आले तर आबा गाडीतून उतरून पुढच्या चाकाशी काठी टेकून उभे होते. चाक बघत होते. मी टेकवलेला दगड बघत होते.

"ताई, ही उटी (चाकाला लावायचा अडसराचा दगड) तुमी लावली?"

"हो. गाडी घसरू नये म्हणून."

"वळवून, दाबून लावली व्हय?"

"हो."

"आन् मंग किल्ली काडली." त्यांनी काठीने स्टेअरिंगकडे दाखवलं. "ह्येच्या आत काय असतं? खुट्टी?"

मला माहीत नव्हतं. पण सलीमभाईंनी सकाळी स्टेअरिंग लॉक असा शब्द वापरला होता, किल्ली काढली की आतून एक पिन सरकते आणि चाक बांधलं जातं, असं काहीतरी. मी ते सांगितलं.

"मंग शिवळच की ती." शिवळ म्हणजे जुवाच्या टोकाची खुंटी, जिला बैलाची मान बांधतात. आबांच्या चेहऱ्यावर ओळखीचं माणूस भेटल्यासारखा भाव आला. "बैल वढीत असला की शिवळ निगत न्हाई, ताई. किती बी वढा. तिच्यावं समदं वजान आल्यालं असतं. नवा गडी शिवळंलाच हिसकं देत बसतो आन् मोडून ठिवतो. शिवळ नसती वढायची. बैल मागं घ्यायचा. येवढासा." त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यात भाताच्या लोंबीएवढं अंतर दाखवलं. "मंग शिवळ आपसूक हातात येती."

"आबा, हा बैल नाहीये."

"न्हाई ना. बैल बरा, त्येला 'हो' म्हनलं की कळतं."

हिराने आवाज दिला. ज्या काही घरांत माणसं होती ती आली, दोन म्हाताऱ्या, तीन बायका, एक तापाने घरी राहिलेला गडी पांघरुणासकट. आबांनी सगळ्यांना गाडीच्या पुढे, खालच्या अंगाला उभं केलं. मला म्हणाले, गिअर सोडा, ब्रेक सोडा. एका म्हातारीच्या हातात दुसरी उटी दिली, मागच्या चाकाशी थांबवलं. हिरा गाडीत वाकली, माझा जुडगा पाहिला आणि म्हणाली, "ह्ये लोंबतं काडा आदी." माझ्याच्याने कडी उघडेना. तिने विळ्याचं टोक कडीत सारलं, गाडीची किल्ली एकटी सोडवली आणि बाकीचा जुडगा घेऊन घरात गेली. परत आली ती रिकाम्या हाताने, पदर खोचत.

"तयार झालात की व्हय म्हना," आबा म्हणाले.

"व्हय," मी म्हणाले.

बायकांनी गाडीला खांदे लावले. गाडी मागे गेली, वीतभर नाही, चार बोटं. दगडापासून चाक सुटलं. म्हातारीने उटी सारली. गाडीच्या पोटात कुठेतरी टक असा आवाज झाला, सुपारी फुटावी तसा. मी दोन बोटांनी किल्ली धरली. जोर लावला नाही. ती फिरली. सेल मारला, गाडी खोकली आणि सुरू झाली.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. तापाचा गडी पांघरूण सावरत म्हणाला, "आता वडगावापत्तुर ढकलायची का?" आणि सगळे हसत पांगले.

सलीमभाईंना येऊ नका म्हणून कळवून उताराला लागलो, तेव्हा दोन वाजायला आले होते. मला वेगाने जायचं होतं, धुकं जाऊ देत नव्हतं. आबा खिडकी उघडी ठेवून बसले होते आणि हात बाहेर काढून बोटांतून ढग जाऊ देत होते. मध्येच म्हणाले, "हितं आमचा पांड्या हरवला व्हता. बैल. धुईत (धुक्यात) गेला तो गेला. तीन दिसांनी ह्याच वाटंनं आपसूक आला." मग थोड्या वेळाने: "बैलाला वाट ठावं असती. कुलूप ठावं नसतं."

कार्यालयाबाहेर सकाळचं कुत्रं नव्हतं. तीनला दहा मिनिटं कमी होती. मी सावकाश, सपाट जागा शोधून, चाकं सरळ ठेवून गाडी लावली.

सुनावणी घेणाऱ्या बाई दमलेल्या होत्या, पण ऐकत होत्या. माझ्याकडे चार पानी निवेदन होतं. त्यांनी ते ठेवून घेतलं आणि म्हणाल्या, "अर्जदार कोण? त्यांनाच बोलू द्या." मी खाली बसले. समोरच्या बाजूला प्रकल्पाचे व्यवस्थापक होते, तरुण, इस्त्रीचा शर्ट, वागायला अतिशय सभ्य. माझं काम उद्धट माणसाशी सोपं जातं. हा माणूस म्हणाला, "आम्हाला वाडीशी वैर करायचं नाही. गेट सुरक्षेसाठी आहे. आम्ही वाडीला गेटची एक किल्ली द्यायला तयार आहोत. आजच. लेखी."

बाईंनी पेन उचललं. "हे बरं आहे. आबा, चालेल?"

खरं सांगते, मलाही क्षणभर चालेल असं वाटलं. मनात मथळाही तयार झाला होता: वाडीच्या हाती किल्ली. दोन वर्षांनी काहीतरी हातात येत होतं.

आबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे राहिले. घाई नव्हती त्यांना.

"वाटंला किल्ली नसती, बाई."

"म्हणजे?"

"ही आमची ताई बगा. शिकल्याली हाय. हिची गाडी येक, किल्ली येक. आज दुपारी ती आडकली, तर समदी वाडी तासभर गाडीला लागली, तवा मी हितं उबा ऱ्हायलो. न्हायतर आज बी गैरहजरच व्हतो." बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "आता आमच्या बाया भात कापून डोईवर भारं घिऊन येनार. दोनी हात वर. किल्ली कोन फिरवनार? पाठीमागं चार जनी उब्या, डोईवर वजान. भारा खाली ठिवायचा, कुलूप काडायचं, भारा परत उचलायचा? आन् किल्ली ठिवायची कुनापाशी? बावीस घरं हायती. ज्येच्यापाशी किल्ली त्येची वाट. आज ह्यांची हाय. उद्या आमच्यातल्या येकाची व्हईल. मंग आमी येकमेकाच्या दारात किल्ली मागत बसनार."

व्यवस्थापक म्हणाले, "मग बावीस किल्ल्या करून देऊ."

"द्या की," आबा म्हणाले. "मंग कुलूप कुनासाठी?"

खोलीत कुणीतरी हसलं. मला वाटतं, व्यवस्थापकच.

"मग तुमचं म्हणणं गेट काढायचं?" बाईंनी विचारलं.

माझ्या निवेदनाच्या पहिल्याच ओळीत ते होतं. आबा म्हणाले, "गेट ऱ्हाऊ द्या सध्याच्याला. ढोरं तिकडं जात्यात, ह्यांची फुलं खात्यात, ते मला बी दिसतंय. कोयंड्यात काटकी खोचा. ढोराला काटकी निगत न्हाई. मानसाला निगती."

मला उठून ओरडावंसं वाटलं. गेट बेकायदा आहे, ते का राहू द्यायचं? आजही माझं मत तेच आहे आणि आबांना मी तसं तोंडावर सांगितलं आहे. पण ती खोली माझी नव्हती, वाटही माझी नव्हती. बाईंनी लिहिलं: प्रत्यक्ष पाहणी करून निर्णय देण्यात येईल, तोपर्यंत गेटला कुलूप लावू नये. आबांनी सही केली. सही करायला त्यांना बराच वेळ लागतो, प्रत्येक अक्षर ते खाचरात रोप लावल्यासारखं लावतात. निघताना बाई मला म्हणाल्या, "गाडी चालू होईल ना आता? नाहीतर यांना परत कोण नेणार?"

झाली. पहिल्या फिरवणीत.

परतताना आबांना वाडीपर्यंत सोडायला निघाले, तर ते प्रकल्पाच्या रस्त्यावरच उतरतो म्हणाले. "हितनं जवळ हाय." गेटजवळ राखणदार होता, खालच्याच गावातला. त्याला फोन आलेला असावा. त्याने कुलूप काढलं आणि ते हातात घेऊन तो उभा राहिला, काय करावं ते न समजून.

"कुटं ठिवू, आबा?"

"ज्येचं हाय त्येला दे."

आबांनी गेट ढकललं. पलीकडे गेले, वळले, कडेच्या करवंदीची एक काटकी मोडून कोयंड्यात खोचली. मग त्या झिजलेल्या वाटेने काठी टेकत वर गेले. संध्याकाळचं धुकं उतरत होतं. आधी धोतर गेलं, मग टोपी, मग काठीचा आवाज. मी गाडीत बसून होते आणि इंजिन बंद होतं, हे माझ्या नंतर लक्षात आलं. मी ते कधी बंद केलं, आठवत नाही. भीती निघून गेली होती, तीही आपसूक.

त्या आदेशाला आता पंधरवडा झाला. पाहणी अजून व्हायची आहे. गेट तिथेच आहे. पुढच्या पत्रकात मी गेट हटवा असंच लिहिणार आहे, मोठ्या अक्षरांत. पण मागणीखाली काटकीचंही लिहीन, कारण सध्या वाट तिच्यावर चालते आहे.

त्या संध्याकाळचं एवढंच सांगायचं राहिलं. दिवे लागायच्या सुमाराला पुण्यात पोचले. मधूकाकांच्या दारात गाडी लावली, किल्ली आत दाबली, मागे फिरवली, ती तळहातावर आली. एकटी, हलकी, मानेला किंचित पीळ पडलेली. काकांना दिली. ते पीळ बघत राहिले. मी चालत घरी आले, तीन जिने चढले आणि दारासमोर उभं राहून खिशात हात घातला.

खिसा रिकामा होता.

मी जिन्याच्या पायरीवर बसले. घर बंद, कार्यालय बंद, कपाट बंद, वाचनालय बंद. उद्या सकाळी निम्मी संघटना माझ्या नावाने बोटं मोडत बाहेर उभी राहणार होती. हिराला फोन लावला. तिसऱ्यांदा लागला, बहुतेक ती त्याच खडकावर चढली असणार, वारा ऐकू येत होता.

"ताई, तुमचं समदं घर हितं आमच्या खुट्टीला टांगलंय," ती म्हणाली. "लय जड हाय, बया. भिताड पडंल म्हनून आबांनी निम्म्या किल्ल्या दुसऱ्या खुट्टीला लावल्या."

"उद्या सकाळी येते घ्यायला. गाडी मिळते का बघते."

"गाडी कशाला?" हिरा म्हणाली. "वाटंनं या. उगडी हाय."